पंपाची नाडीपरीक्षा

आपल्या भागातील व्यापारी बांधवांचा पाण्याच्या पंपाशी असलेला संबंध आता केवळ दुकानापुरता राहिलेला नाही. बेळगावच्या बाजारपेठेत पंप व त्याचे सुटे भाग विकणारे आपल्यात आहेत. निपाणी परिसरात वेदगंगा-दूधगंगेच्या काठी ज्यांची शेती आहे असे आहेत. आणि गृहसंकुलांच्या, शाळांच्या व वसतिगृहांच्या व्यवस्थापनाचा भार ज्यांच्यावर आहे असेही आहेत. ह्या तिसऱ्या वर्गाच्या वाट्यास अलीकडे एक नवी जबाबदारी आली आहे. ती म्हणजे पोहण्याच्या तलावाची. पूर्वी आपल्याकडील मुले पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहावयास शिकत. आता ती शिस्तीने, शिक्षकाच्या देखरेखीखाली तलावात उतरतात. बेळगावात गोवावेसचा तलाव आणि केएलई संस्थेचा सुवर्ण जेएनएमसी जलतरण तलाव ही नावे पोहण्याची हौस असणाऱ्या कुटुंबांस परिचित आहेत. शिवाय लहान खाजगी तलावही आता दिसू लागले आहेत.

तलाव बांधणे हे पैशाचे काम आहे. तो चालविणे हे लक्ष देण्याचे काम आहे. आणि ते लक्ष प्रामुख्याने एका ठिकाणी द्यावे लागते : पंपाकडे. पंप बंद पडला, की मिस्त्रीस बोलावणे धाडावयाचे, त्याने ‘मोटार गेली’ अथवा ‘पंपच बदला’ असे सांगावयाचे, आणि आपण मुकाट्याने पैसे मोजावयाचे, असा प्रघात पडला आहे. वास्तविक पंपाचे बहुतेक विकार पंपात नसतातच. ते पंपाच्या अलीकडे, पाणी येण्याच्या वाटेवर असतात. निष्णात वैद्य जसा औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो, तशी पंपाची नाडी पाहता आली, तर पुष्कळसा खर्च वाचतो, वेळ वाचतो, आणि प्रसंगी जीवही वाचतो. ही परीक्षा कशी करावी हे येथे सांगावयाचे आहे. तलावाचा पंप आणि विहिरीवरचा पंप ही एकाच घराण्यातील भावंडे असल्यामुळे शेती करणाऱ्या बांधवांसही ह्या माहितीचा उपयोग होईल.

बेळगावशी जुने नाते

बैलांच्या मोटेची जागा पंपाने घेतली, त्या स्थित्यंतराशी आपल्या जिल्ह्याचे जवळचे नाते आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून त्यांनी बेळगावातच कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनविले. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडीची वसाहत उभी राहिली, आणि १९२६ साली तेथे अपकेंद्री पंप तयार होऊ लागला. कारखाना बेळगाव सोडून गेला खरा. परंतु ओतकामाची विद्या येथे रुजली. आज उद्यमबागेतील ओतशाळा आणि यंत्रशाळा पाहिल्या म्हणजे ह्याची साक्ष पटते. तेव्हा पंपाचे ज्ञान आपणांस परके वाटण्याचे कारण नाही.

तलावातील पंपाचे कार्य

विहिरीवरचा पंप पाणी वर चढवितो. तलावाचा पंप तेच पाणी पुन:पुन्हा फिरवितो. तलावाच्या काठावरील मुखांतून व तळाच्या जाळीतून पाणी नळात येते. तेथून ते पंपाच्या तोंडाशी असलेल्या गाळणीच्या भांड्यात शिरते. पाने, केस, दोरे तेथे अडकतात. पुढे पंपाचे फिरते चक्र, ज्यास कारागीर ‘इम्पेलर’ म्हणतात, ते पाणी परिघाकडे भिरकावते व त्यास दाब देते. मग पाणी वाळूच्या टाकीतून गाळले जाऊन, क्लोरिनची मात्रा घेऊन तलावात परत जाते.

आता हिशेब पाहा. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद व सरासरी सव्वा मीटरास थोडा कमी, म्हणजे १.२ मीटर खोल अशा लहानशा तलावात ६०,००० लिटर पाणी असते. ते सहा तासांत एकदा फिरवावयाचे, तर ताशी १०,००० लिटर पाणी पंपातून गेले पाहिजे. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद व दोन मीटर खोल अशा स्पर्धेच्या तलावात २५ लाख लिटर पाणी असते; ते सहा तासांत फिरविण्यास ताशी चार लाख लिटरांहून अधिक प्रवाह लागतो. हा प्रवाह मंदावला, की क्लोरिन सर्वत्र पोहोचत नाही, पाणी गढूळते, शेवाळ धरते आणि रोगजंतूंस आश्रय मिळतो. परंतु ह्याहूनही मोठा धोका असा, की गढूळ पाण्यात तळाशी गेलेले मूल काठावरून दिसत नाही. म्हणून तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसेनाशी होताच तलाव बंद करावा, हा नियम तलाव चालविणाऱ्यांनी कोणत्याही सबबीवर मोडू नये.

पाणी कोण आणतो?

पंप पाणी ओढतो असे आपण व्यवहारात म्हणतो. शास्त्रदृष्ट्या ते खरे नव्हे. पंप आपल्या तोंडाशी पोकळी निर्माण करतो, आणि बाहेरील हवेचा दाब पाण्यास त्या पोकळीत ढकलतो. शोषपंपाने सुमारे दहा मीटरांपलीकडे पाणी चढत नाही, ह्या अनुभवाचा उल्लेख गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केला. पुढे त्याचा शिष्य टॉरिसेली ह्याने पाऱ्याच्या नळीच्या प्रयोगाने हवेच्या भाराचे रहस्य उलगडले.

समुद्रसपाटीस हा भार सुमारे १०.३ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. येथे हवा विरळ असल्यामुळे तो सुमारे साडेनऊ मीटरच भरतो. त्यातून नळातील घर्षण, वाकणे, झडपा आणि उन्हाळ्यातील पाण्याची उष्णता ह्यांची वजाबाकी होते. म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर जेमतेम चालणारी मांडणी आपल्याकडे कुरकुरते, ह्यात नवल नाही. पंप पाण्यापासून पाच-सहा मीटरांहून अधिक उंच बसवू नये, ओढीचा नळ आखूड, सरळ व पुरेसा रुंद ठेवावा, हा सल्ला येथे विशेषच पाळला पाहिजे.

ह्यावरून पहिल्या विकाराचे निदान आपोआप होते. मोटार फिरते आहे, पण पाणी येत नाही, अथवा थोडे येऊन सुटते, असे झाल्यास पंप खोलण्यापूर्वी पुढील गोष्टी ह्याच क्रमाने पाहाव्या. तलावातील पाण्याची पातळी काठावरील मुखांच्या खाली गेली आहे काय? ओढीच्या नळावरील झडप पूर्ण उघडी आहे काय? गाळणीचे भांडे पाण्याने भरले आहे काय, आणि त्यातील टोपली कचऱ्याने तुंबली आहे काय? झाकणाखालील रबरी कडे चिरलेले, चपटलेले किंवा वाळूचा कण अडकलेले नाही ना? विहिरीवर असाल तर तळाची झडप, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, पाणी धरून ठेवते काय? रात्री भरलेला नळ सकाळी रिकामा आढळला, तर दोष बहुधा तेथेच असतो. झडपेत काडी अडकलेली असते, किंवा तिचे चामडे अथवा रबर झिजलेले असते.

ओढीच्या बाजूची गळती फसवी असते. पंप चालू असता तेथून पाणी बाहेर येत नाही. हवा आत जाते. म्हणून जमीन कोरडी दिसते व कारागीर चकतो. तलावात परत येणाऱ्या पाण्यात बुडबुडे दिसू लागले, की हवा आत शिरत आहे असे समजावे. प्रत्येक सांध्यावर दाढीच्या साबणाचा दाट फेस लावावा. ज्या सांध्यावरील फेस आत ओढला जाईल, तोच दोषी. ही परीक्षा दोन-चार रुपयांच्या साबणात होते, आणि पुष्कळदा नव्या पंपाची खरेदी टाळते.

दोन काटे

पंपाच्या अलीकडे पोकळी मोजणारे आणि पलीकडे दाब मोजणारे, अशी दोन लहान मापके बसवून घ्यावीत. त्यांची किंमत एका फेरीच्या मजुरीहून फारशी अधिक नसते. पण नाडीपरीक्षेचे तेच खरे साधन होय. सर्व काही ठीक असताना दोन्ही काटे कोठे राहतात हे भिंतीवर लिहून ठेवावे. पुढे बिघाड झाला म्हणजे त्या आकड्यांशी तुलना करावी.

पोकळीचा काटा चढला व दाबाचा उतरला, तर अडथळा पंपाच्या अलीकडे आहे : टोपली, मुख किंवा झडप तुंबली आहे. पोकळीचा काटा उतरला व दाबाचा चढला, तर अडथळा पलीकडे आहे : वाळू मळली आहे किंवा परतीची झडप अर्धवट मिटली आहे. स्वच्छ स्थितीतील दाबापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला अर्धा ते पाऊण किलो दाब वाढला, की वाळू उलट्या प्रवाहाने धुवावी. दोन्ही काटे उतरले, तर मात्र दोष पंपातच आहे. चक्राच्या वाटा केसांनी व दोऱ्यांनी भरल्या आहेत, चक्र झिजले आहे, किंवा मोटार उलट फिरत आहे. आणि दोन्ही काटे थरथरत असतील, तर हवा शिरते आहे.

उलट फिरण्याचा प्रकार तीन फेजच्या मोटारीत घडतो. वीजवाहिनीचे काम झाल्यानंतर किंवा मोटार भरून आणल्यानंतर दोन तारांची अदलाबदल झाली, की मोटार उलटी फिरू लागते. तशाही स्थितीत पंप थोडे पाणी देतो. म्हणून हा दोष कोणाच्या लक्षात येत नाही, आणि चांगला पंप ‘म्हातारा झाला’ म्हणून मोडीत जातो. पंपाच्या अंगावर बाणाची खूण असते. मोटार क्षणभर चालू करून बंद करावी व पंखा कोणीकडे फिरतो ते पाहावे. कोणत्याही दोन तारा परवानाधारक वायरमनकडून बदलून घेतल्या, की काम झाले.

आवाज, गळती आणि उष्णता

पंपाचा आवाज ओळखावयास शिकले पाहिजे. आत खडे खडखडावे तसा आवाज आला, तर पाणी कमी पडून चक्राच्या तोंडाशी वाफेचे बुडबुडे होत आहेत व लगेच फुटत आहेत असे समजावे. ह्या फुटण्याच्या आघातांनी धातूसदेखील देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. परतीची झडप किंचित मिटून पाहावी. आवाज कमी झाला, तर निदान पक्के झाले. उपाय चक्र बदलण्याचा नव्हे. ओढीची वाट मोकळी व रुंद करण्याचा. ह्याउलट सतत किंचाळणारा, झडप फिरवूनही न बदलणारा आवाज बेअरिंगचा असतो. ते बदलण्यास विलंब लावू नये. कारण बेअरिंग सैल झाले, की शाफ्ट डोलतो व पुढे सील जाते.

शाफ्टजवळून पाणी गळते तेव्हा पंप कोणत्या जातीचा आहे हे पाहावे. दोरी भरलेल्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडणे हा दोष नव्हे. ते पाणीच शाफ्टला गार ठेवते. गळती पूर्ण थांबावी म्हणून नट आवळत गेल्यास दोरी जळते व शाफ्टला चर पडतो. मेकॅनिकल सील असलेल्या पंपात मात्र गळती नसावी. त्यातील दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर फिरतात व त्यांमध्ये पाण्याचा अतिसूक्ष्म थर असतो. पंप कोरडा चालला, तर हा थर नाहीसा होऊन सील थोड्याच वेळात करपते. सील बदलताना दोन्ही अर्धे एकदमच बदलावे, आणि चकत्यांच्या तोंडास बोट लावू नये. सील गेले म्हणून बदलले, पण पंप कोरडा का चालला ह्याचा शोध घेतला नाही, तर नवे सीलही त्याच वाटेने जाणार, हे सांगणे न लगे.

विजेचे भान

मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही. किंवा तापून वारंवार बंद पडते. अशा वेळी प्रथम मुख्य खटका पाडावा आणि शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. फिरला नाही तर चक्र अडकले आहे. सहज फिरला, आणि मोटार एका फेजची असेल, तर कपॅसिटरचा संशय घ्यावा. खटका पाडल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून त्यास नवशिक्याने हात लावू नये. तीन फेजची मोटार असेल, तर एखादी फेज गेली आहे काय हे पाहावे. एका फेजला २३० व तीन फेजला ४१५ व्होल्ट हे नेमस्त दाब होत. उन्हाळ्यात सर्व पंप एकदम चालू होऊन दाब उतरला, तर मोटार अधिक प्रवाह घेते व तापते. वारंवार पडणारा खटका बांधून किंवा जाड तार घालून मोटार ‘चालविणारे’ कारागीर आढळतात. असे कारागीर मोटार जाळतात, इतकेच नव्हे, तर माणसांचे प्राण धोक्यात घालतात.

तलावाच्या ठिकाणी पाणी, ओले अंग आणि वीज ही तिन्ही एकत्र येतात. उत्तम अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळतीस तुटणारा सुरक्षा-खटका ह्यांवाचून पंप चालवू नये. दुरुस्ती चालू असता पाण्यात कोणासही उतरू देऊ नये. पंप पाण्याच्या पातळीखाली बसविला असेल, तर गाळणीचे झाकण उघडण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या झडपा मिटाव्या. नाहीतर पंपघरात पाणी भरेल.

तळाच्या जाळीविषयी एक इशारा. अमेरिकेत २००२ साली सात वर्षांची एक मुलगी कुंडाच्या तळाच्या मुखाशी ओढली जाऊन बुडाली. त्यानंतर २००७ साली तेथे सुरक्षित जाळ्यांचा कायदा झाला. जोमदार पंपाची सर्व ओढ एकाच मुखावर आली, तर मोठ्या माणसासही सुटणे कठीण जाते. म्हणून तळाशी एकमेकांपासून दूर अशी किमान दोन मुखे असावीत, त्यांवर फुगीर व भक्कम जाळी असावी, आणि जाळी तुटल्यास ती बसविल्यावाचून तलाव उघडू नये.

काटकसर आणि आचार

ज्यांचे पंप वेग कमी-अधिक करण्याच्या यंत्रणेवर चालतात त्यांनी एक हिशेब ध्यानी ठेवावा. वेग निम्मा केला, की प्रवाह निम्मा होतो, दाब चतुर्थांश होतो आणि लागणारी शक्ती तत्त्वतः अष्टमांशावर येते. म्हणजे दुप्पट वेळ चालवून तेवढेच पाणी फिरविले, तरी विजेचा खप सुमारे चौथ्या हिश्शावर येऊ शकतो. प्रत्यक्षात हानी वजा जाऊन लाभ थोडा कमी होतो, तरीही तो दुर्लक्षणीय नाही.

परंतु आपल्या दृष्टीने हा प्रश्न केवळ रुपये-आण्यांचा नाही. पाणी गाळून वापरावे हा श्रावकाचा प्राथमिक आचार होय. आणि गाळल्यावर वस्त्रावर राहिलेले जीव त्याच जलाशयात जपून सोडावे, ही जीवाणीची रीत आपल्या आया-आज्यांनी पिढ्यानुपिढ्या पाळली. पंपाची टोपली हे एक प्रकारचे गाळणेच आहे. तलावाच्या मुखाशी सकाळी बेडूक व किडे अडकलेले आढळतात. पंप चालू करण्यापूर्वी ते काढून ओलसर जागी सोडावेत. हे काम रखवालदाराच्या नित्यक्रमात घातले, की त्यास दोन मिनिटे पुरतात. वाळू धुतलेले क्लोरिनयुक्त पाणी नाल्यात वा ओढ्यात सोडू नये, हेही त्याच आचाराचे अंग समजावे.

श्वेतांबर ग्रंथांतून श्रावकाने वर्ज्य करावयाचे जे पंधरा व्यवसाय, म्हणजे कर्मादाने, सांगितली आहेत, त्यांत सरोवरे, डोह व तलाव शोषून कोरडे करणे हे एक आहे. पंप विकणाऱ्या व वापरणाऱ्या बांधवांनी त्यावर विचार करावा असे वाटते. जेथे तासाला दोन हजार लिटरांचा पाझर आहे, तेथे दहा हजारांचा पंप विकला, तर विहीर कोरडी पडते, पंप हवा धरतो, सील करपते आणि शेतकरी कर्जात बुडतो. योग्य मापाचा पंप देणे हा येथे व्यवहारही आहे आणि धर्मही.

म्हणून गिऱ्हाईक नवा पंप मागावयास आले, तर दुकानदाराने आधी त्यास चार प्रश्न विचारावे : पाणी किती खोल आहे? नळ सकाळी भरलेला राहतो काय? विजेचे काम अलीकडे झाले काय? पंप आवाज कसा करतो? ह्या चार उत्तरांतून कित्येकदा असे निष्पन्न होईल, की त्यास पंप नको, झडपेचे एक रबर हवे आहे. ते रबर देऊन त्यास परत पाठविणे त्या दिवशी तोट्याचे वाटेल. पण ऐन एप्रिलात ज्याचा ऊस किंवा भाजीपाला सुकू लागला आहे, तो शेतकरी ते विसरणार नाही. आणि ज्या पेढीवर खरे सांगितले जाते तिचे नाव बाजारात आपोआप होते.

आपल्या मंडळींपैकी ज्यांच्याकडे तलावाचे किंवा विहिरीचे व्यवस्थापन आहे, त्यांनी पंपघराच्या भिंतीवर एक वही टांगावी. रोज दोन काट्यांचे आकडे, विजेचा दाब, वाळू धुतल्याचा दिवस आणि काही वेगळा आवाज आल्यास त्याची नोंद तीत करावी. रोजमेळ लिहिल्यावाचून दुकान न मिटणाऱ्या आपल्या समाजास हे कठीण जाऊ नये. जमाखर्चातील चूक जशी वहीत दिसते, तसा पंपाचा विकारही बंद पडण्याच्या पुष्कळ आधी त्या वहीत दिसू लागतो; आणि तेथे तो ओळखला, तर दुरुस्ती बहुधा एखादे रबरी कडे, थोडा साबणाचा फेस आणि अर्ध्या तासाचे श्रम एवढ्यावर भागते.